काळ्या मातीतली गाडी

आमच्या रिसोड तालुक्यात मोटारसायकल म्हणजे शेतीचं अवजार. सकाळी दुधाची कॅन, दुपारी फवारणीचा पंप, संध्याकाळी कृषी केंद्रातून खताची बॅग. १९९४ साली हिरो होंडाने स्प्लेंडर आणली, आणि आजही पैनगंगेकडच्या धुऱ्यांवर हीच गाडी उभी दिसते. माझीही तीच. कंपनीच्या पुस्तकात देखभाल किलोमीटरवर दिलेली असते. ते आकडे पाळावेतच. पण वावरात जाणाऱ्या गाडीला तेवढ्याने भागत नाही. तिला चिखल, खत आणि कुटार जास्त खातात, आणि या तिघांचा बंदोबस्त घरच्या अंगणातच करावा लागतो.

पहिला चिखल. आपली काळी माती बेसॉल्टच्या खडकातून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि धरलेलं सोडत नाही. मृगाच्या पावसानंतर पांदणीने गेलं की मडगार्ड आणि टायरच्या फटीत ती ठासून भरते, चाक फिरेनासं होतं. मग पऱ्हाटीची काडी घेऊन ती कोरायची. घरी आल्यावर हा चिखल तसाच वाळू देऊ नका. वाळलाच तर कोरड्या फडक्याने पुसू नका. त्यातली रेती टाकीचा रंग ओरबाडते. आधी नुसतं पाणी मारून भिजू द्या, मग खालच्या बाजूने मऊ ब्रश चालवा. इंजिन गरम असताना गार पाणी टाकू नये. कपडे धुण्याची पावडर रंगाची चमक घालवते, म्हणून गाडीचा शाम्पू वापरावा.

वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याला माझा विरोध आहे. गाडी दहा मिनिटांत लखलखते हे खरं, पण तो मारा चाकाच्या बेअरिंगवर, स्विचवर आणि चेनवर जवळून बसला की पाणी आत शिरतं, ग्रीस धुतलं जातं. बादली, मग आणि ब्रश पुरे. धुताना सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा, नंतर आठवणीने काढा आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवा. निघताना हळू चालवत दोन्ही ब्रेक हलकेच दाबत राहा. ड्रममध्ये पाणी असलं की ब्रेक लागत नाही.

खताबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. युरियाची ४५ किलोची बॅग टाकीवर आडवी टाकून आपण निघतो. बॅगची शिवण जरा उसवलेली असते, दाणे सीटखाली आणि कॅरिअरच्या सांध्यात पडतात. खत हवेतली ओल ओढून घेतं. पोटॅशमध्ये तर क्लोराइड असतं, म्हणजे मिठासारखंच ते लोखंड खातं. पुढच्या हंगामात तिथला पत्रा पोपडे धरतो. म्हणून खत आणलं त्याच संध्याकाळी सीट काढून भरपूर पाण्याने धुवावं, वाळू द्यावं आणि उघड्या लोखंडाला तेलाचा हात द्यावा.

आता चेन. माझा सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर जातो. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक मी पाहतो आणि दरवेळी थांबवतो. फडकं अडकलं की बोट सोबतच जातं. चेनकव्हरवरचं रबरी बूच काढून आत बोट घाला आणि चेन वरखाली हलवा. २ ते ३ सेंटिमीटर हलली पाहिजे. चाक हाताने फिरवत चार जागी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सर्वात ताठ, ती जागा धरून ॲडजस्टर फिरवा. एक्सलचा नट ढिला केल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या यायला हव्यात, नाहीतर चाक तिरपं बसतं. चाक मागे सरकलं की मागचा ब्रेक आपोआप आवळतो, तोही पुन्हा सोडून घ्यावा.

रेशनचं रॉकेल मिळत होतं तेव्हा चेन त्यानेच धुवायचो, आता थोडं डिझेल घेतो. पेट्रोल नको, भडका उडायला वेळ लागत नाही. वाळल्यावर ९० नंबरचं गिअर ऑईल थेंब थेंब सोडावं. जळकं ऑईल चेनला लावायची आपल्याकडे रीतच आहे. ते इंजिनातला लोखंडाचा बारीक कीस सोबत घेऊन येतं आणि वंगण देण्याऐवजी कड्या घासतं. ते नालीतही ओतू नका. डब्यात साठवून मिस्त्रीला द्या.

नवीन ऑईल घेताना डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलंय का ते पाहा. मोटारसायकलचा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारचं निसरडं ऑईल घातलं तर तो घसरू लागतो. स्प्लेंडरची पातळी बघताना पट्टी पुसून नुसती आत टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. हवा पुढे २५, मागे २८. मागे माणूस बसणार असेल तर ४१.

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की कुटाराची पाळी येते. थ्रेशरजवळ उभ्या गाडीच्या इंजिनाच्या पात्यांमध्ये आणि सायलेन्सरच्या वळणावर ते जाऊन बसतं. सायलेन्सर तापला की तेच पेट घेऊ शकतं. गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा आणि किक मारण्याआधी हात फिरवून कुटार झाडा. एअर फिल्टर याच दिवसांत चोंदतो. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, तेलाचा हात देऊन बसवता येतो. कागदी आणि तेलकट असेल तर तो धुवू नये, हवाही मारू नये, सरळ नवा घालावा.

व्हॉल्व्ह सेटिंग, क्लचप्लेट आणि इंजिनाचं पोट मी घरी उघडत नाही. ते मिस्त्रीचं काम. ब्रेक शूची मात्र घरूनच खात्री करून जातो: ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरचा बाण खुणेला टेकला की शू संपले. मग ते लगेच बदलायचे, सोयाबीन विकेपर्यंत थांबायचं नाही.