धावपट्टीखालची दहा गावे

दिघा हे नवी मुंबईचे उत्तरेकडील टोक. विमानतळ दक्षिणेस, उलव्याच्या खाडीकाठी. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. या दोन टोकांना जोडणारा धागा संपादित जमिनीचा आहे. दिघ्यात सरकारी मालकीच्या भूखंडांवर अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या, २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि पै-पै साठवून घर घेतलेले रहिवासी रस्त्यावर आले. विमानतळाच्या क्षेत्रातील ग्रामस्थांवर तर गावच सोडण्याची पाळी आली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्याचीच ही दोन फळे.

विमानतळाला विरोध करणाऱ्या समित्यांना विकासविरोधी ठरविणे सोपे होते. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोल्ही, कोपर, चिंचपाडा आदी दहा गावांतील माणसांचे भांडण मात्र विमानाशी नव्हते. ते होते मोबदल्याच्या अटींशी. या भांडणाला इतिहास आहे. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पदरी पडली. विमानतळबाधितांना पुढे साडेबावीस टक्के मिळाले. ही वाढ कोणाच्या औदार्याने झाली, असा कोणाचा समज असल्यास तो दूर झालेला बरा.

परंतु टक्केवारीचे हे सारे गणित सातबाऱ्यावर बसते, आणि खाडीला सातबारा नसतो. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळविला गेला. मासेमारीवर जगणाऱ्याने कोणता उतारा दाखवावा? भूखंडाच्या गणितात हा माणूस बसतच नाही, आणि समित्यांच्या मागण्यांतही जमीनमालकाचा आवाज साहजिकच मोठा राहिला. २४ जून २०२१ रोजी, दि. बा. पाटील यांच्या स्मृतिदिनी, त्यांचे नाव विमानतळास द्यावे म्हणून सिडको भवनावर प्रचंड जनसमुदाय लोटला. २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठरावही केला. नावाचा आग्रह गैर नव्हे. मात्र नावासाठी एकवटलेली ती शक्ती खाडीच्या प्रश्नावर तशी एकवटलेली दिसली नाही.

जपानमधील नारिता येथे शेतकऱ्यांनी १९६६ मध्ये संघटना उभारून विमानतळास विरोध केला. मार्च १९७८ मध्ये नियंत्रण मनोरा आंदोलकांनी ताब्यात घेतल्याने उद्‌घाटन मे महिन्यापर्यंत लांबले, आणि विस्ताराचा वाद पुढे कित्येक दशके चालला. आरंभी न विचारल्याची किंमत तेथील शासनाने अशी चुकविली.

नवी मुंबईची क्षमता आरंभी वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. ती टप्प्याटप्प्याने नऊ कोटींवर न्यावयाची आहे. पुरंदरच्या सात गावांत तर मे २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी सुरू होताच ग्रामस्थ व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. तेथे मोजणी आधी आली, बोलणी मागे राहिली.