दिवा घालवल्यानंतरचा मोबाइल

लालबाग-परळच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दिवा कुणा एकाच्या मर्जीने चालत नाही. कुणाला पहाटेची लोकल गाठायची असते, कुणाची परीक्षा असते. मग मोबाइल पाहायचा तो कुशीवर वळून, एक डोळा उशीत दाबून.

नेमक्या याच सवयीच्या दोन स्त्रियांची नोंद २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. फोन ठेवला की एका डोळ्याला काही मिनिटं दिसेनासं व्हायचं. उशीतला डोळा अंधाराला सरावलेला आणि पाहणारा उजेडाला. अंधारात पाहण्यासाठी लागणारं रोडॉप्सिन पाहणाऱ्या डोळ्यात पुन्हा साठायला वेळ लागत होता, इतकंच. इजा काही नव्हती. (फोन हाती नसताना असं झालं, तर मात्र तडक डॉक्टर गाठावा.)

रोजचं दुखणं वेगळंच आहे. एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा लवणारी पापणी स्क्रीनपुढे निम्म्याहून कमी लवते, तीही अर्धवट. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून तेल झिरपतं आणि पापणी लवली की अश्रूंवर त्याचा तवंग पसरतो. तो विरला की पाणी उडतं. त्यात डोक्यावर पंखा पाचवर. मग डोळे चुरचुरतात आणि कोरडेपणामुळेच उलट पाझरू लागतात.

निळ्या प्रकाशाला मात्र उगाच बदनाम केलं जातं. फोनच्या उजेडाने डोळ्यांचा पडदा जळतो, याला पुरावा नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचं २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं नाही. हा प्रकाश छळतो तो झोपेला: पडद्यातल्या मेलॅनॉप्सिन असलेल्या पेशी त्यालाच अधिक दाद देतात आणि मेलॅटोनिन लांबतं.

दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहा, असं डॉक्टर सांगतात. दहा बाय बाराची खोली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजली तरी १६ फूट भरत नाही. तेव्हा गॅलरीत या, समोरच्या चाळीकडे पाहा, पापण्या पूर्ण मिटा. पंख्याचा झोत तोंडावरून हटवा. मुलांना दिवसाउजेडी शिवाजी पार्कात पिटाळा. उघड्यावरच्या उजेडाने लांबच्या (मायनस) नंबरचा धोका घटतो. एवढं करूनही चुरचुर राहिली, तर दुकानातून मनाने थेंब आणण्याऐवजी डोळे तपासून घ्या.