ऊसतोड टोळ्यांतील हिवताप : मोजणी कोठे व्हावी?

जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मधल्या काळात त्यांचा संसार उसाच्या फडालगत कोपीत असतो. शेजारी बैल बांधलेले, जवळच पाट वा ओढा. ग्रामीण भागातील हिवतापाचा प्रमुख वाहक, अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस हा डास, अशाच स्वच्छ, संथ पाण्यात वाढतो व गोठ्यात विसावतो.

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात डासांचे पाच प्रकार वर्णिले आहेत. तृतीयक, चतुर्थक हे विषमज्वराचे भेदही वैद्यवर्गास सुपरिचित आहेत. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात प्रथम दिसला तो रोनाल्ड रॉस यांना, २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे. तेव्हापासून हिवतापाचा प्रसार मोजण्याच्या दोन रीती रूढ झाल्या.

पहिली रीत डासांवरून. एका माणसास रात्रीत किती डास चावतात व त्यांपैकी किती डासांच्या लालाग्रंथीत परजीवी आहेत, यांचा गुणाकार करावयाचा. समजा, दंश १० आणि शंभरात १ डास बाधित. म्हणजे दहा रात्रींत एक घातक दंश. दुसरी रीत रुग्णांवरून : वर्षभरात दर हजार लोकसंख्येमागे रक्ततपासणीने सिद्ध झालेले रुग्ण. सरकारी नियोजन मुख्यतः या दुसऱ्या आकड्यावर चालते.

खरी अडचण येथेच आहे. चाळीस जणांच्या टोळीत दोघांना हिवताप झाला, तर प्रमाण हजारी ५० होते. तेच दोघे चार हजार वस्तीच्या गावी परतून नोंदले गेले, तर ते हजारी ०.५ उरते. दंश एका जिल्ह्यात, ताप दुसऱ्या जिल्ह्यात! दंशानंतर ताप येण्यास साधारणतः दहा ते पंधरा दिवस लागतात. व्हायवॅक्स प्रकार तर यकृतात सुप्त राहून महिन्यांनीही उलटतो. परिणामी गाव निर्धोक दिसते आणि कोपीपर्यंत फवारणी वा मच्छरदाणी पोहोचत नाही. २०३० पर्यंत हिवतापमुक्तीचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. अशा आकड्यांवर विसंबून ते कसे गाठणार?

या कामी वैद्य व औषधालयचालक यांचा वाटा आम्ही मोठा मानतो, कारण परतलेला मजूर बहुधा प्रथम आपल्याच दारी येतो. थंडी वाजून ताप आलेल्या प्रत्येकास ‘गेल्या महिन्यात रात्रीचा मुक्काम कोठे होता?’ हे विचारावे व उत्तर नोंदवावे. औषधापूर्वी रक्तनमुना घेववावा. आशा सेविका व प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. एक तपासणी निर्दोष येऊनही ताप टिकला, तर ती पुन्हा करावी. परजीवी आढळल्यास राष्ट्रीय धोरणानुसारचे औषध पूर्ण मुदतीचे द्यावे. सप्तपर्ण, किराततिक्त, कटुकी, लताकरंज यांनी युक्त आयुष-६४ हिवतापासाठीच सिद्ध केले गेले. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात व्हायवॅक्स हिवतापावर क्लोरोक्विनच अधिक गुणकारी ठरले, हे आपण प्रांजळपणे स्वीकारावे. फॅल्सिपेरम काही दिवसांतच मेंदूपर्यंत जातो. तेथे केवळ काढ्यावर वेळ दवडणे रुग्णाच्या जिवावर बेतते.

आपल्या नोंदवहीत मुक्कामाच्या जागेचा एक रकाना वाढवावा आणि ती माहिती जिल्हा हिवताप कार्यालयास कळवावी, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे. कोपीतील माणूस त्याखेरीज मोजणीत येणार नाही.