झिलईपूर्वी

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी लेख लिहायचा तो लसीकरणावर, कुपोषणावर किंवा फार तर परीक्षेच्या ताणावर, असा आपल्याकडे संकेत आहे. आजवर मीही तो पाळला. यंदा मात्र मोटारीच्या रंगाविषयी लिहिण्याची परवानगी संपादकांकडून मागून घेतली आहे. वाचकहो, लेख संपेपर्यंत मी माझ्या विषयापासून फार दूर गेलो असे आपल्याला वाटणार नाही, अशी आशा आहे.

माझा दवाखाना लोधीखेड्यात. अत्यवस्थ बालक आले की सावनेरमार्गे नागपूर गाठायचे, हा आमच्या भागातील वर्षानुवर्षांचा शिरस्ता. रुग्णवाहिकेची वाट पाहण्याइतका अवधी नसला, की माझी पांढरी मोटार निघत असे. २०१४ साली घेतलेल्या त्या गाडीच्या मागच्या आसनावर किती मातांनी श्वास रोखून तो रस्ता काटला, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. त्यामुळे गाडी जुनी झाली तरी ती विकण्याचा विषय घरात कोणी काढीत नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपताना या गाडीच्या अंगावर बारीक तांबूस ठिपके दिसू लागले. मोहरीहून लहान, पण पांढऱ्या रंगावर ठळक. धुऊन जात नव्हते, पुसून निघत नव्हते. एका ठिकाणी गाडीला पॉलिश करून वर चकचकीत लेप देऊन घेतला. पंधरा दिवस गाडी नव्या नवरीसारखी दिसली. पुढच्या दोन पावसांनंतर त्या लेपाखालून तेच ठिपके पुन्हा डोकावू लागले. शिवाय उन्हात पाहिले की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसत. मग एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याला गाडी दाखवली. त्याने एक फेरी मारून निदान सांगितले, "साहेब, गंज लागला जी. पुरी गाडीच पेंट करा लागते."

आकडा ऐकून मी गप्प झालो. पण खटकला तो आकडा नव्हे. तपासणी झालीच नव्हती आणि थेट शस्त्रक्रिया सुचवली गेली होती. आपल्याकडे एखाद्या रुग्णाला असा सल्ला मिळाला तर आपण दुसरे मत घ्यायला सांगतो. मी स्वतःच दुसरे मत द्यायचे ठरवले.

प्रथम इतिहास घेतला. ठिपके कधीपासून? कोणत्या भागावर? नीट पाहिल्यावर लक्षात आले की डाव्या बाजूला, टपाच्या डाव्या अर्ध्यावर आणि बॉनेटवर ते दाट आहेत. उजव्या बाजूला केवळ चाकांच्या मागे तुरळक. गाडी उभी असते तिथे डाव्या अंगाला लोखंडी दारे-खिडक्या करणारे दुकान आहे, आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांचे कारंजे मी रोज पाहत होतो. ठिणगी म्हणजे तापलेला लोहकण. तो रंगाच्या वरच्या थरावर पडतो, तिथे रुततो आणि पहिल्या ओलाव्याबरोबर गंजू लागतो. चाकांच्या मागचे ठिपके ब्रेकमधून झिजून उडणाऱ्या लोखंडी धुळीचे. म्हणजे गंज कणाला चढला होता, गाडीला नव्हे! खरा गंज आतल्या पत्र्यातून वर येतो, रंगाला फोड येतात, पापुद्रा सुटतो. इथे फोड एकही नव्हता.

मग स्पर्शपरीक्षा. गाडी स्वच्छ धुऊन वाळवावी, हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवावी आणि बोटांची टोके पृष्ठभागावरून अलगद फिरवावीत. उघड्या हाताला गुळगुळीत भासणारा रंग पिशवीतून खरखरीत काचकागदासारखा लागतो. पोट तपासताना आपण जसे हलक्या हाताने आधी चाचपतो, तसेच हे. टपावर मला जी खरखर लागली ती केवळ लोखंडाची नसावी. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरातून आपण वारंवार जातो. हवेतील राख, रस्त्याचे डांबर, झाडांचा चीक, पक्ष्यांची विष्ठा आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार, या सर्वांचा थोडाथोडा ठेवा गाडीवर साठत असतो. साबणाने धूळ जाते. पण जे रंगाला धरून बसले आहे ते जात नाही.

आता उपचार. आधुनिक मोटारीच्या रंगावर सर्वांत वर 'क्लिअर कोट' नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे रक्तातील सहा-सात तांबड्या पेशी शेजारी शेजारी मांडल्या तर भरेल तेवढीच. पॉलिश करणे म्हणजे या थराचा अत्यंत बारीक अंश घासून काढणे. आपली त्वचा पुन्हा भरून येते. हा थर येत नाही. रुतलेले कण न काढता त्यावर पॉलिशचे चाक फिरवले, तर सुटलेला प्रत्येक कण त्या चाकाखाली घासला जातो आणि ओरखडे काढतो. माझ्या गाडीवर कोळ्याचे जाळे उमटले होते ते बहुधा असेच. वरून लेप दिला की घाण आत बंद होते. जखम न धुता पट्टी बांधण्याचाच हा प्रकार!

लोहकण काढणारे एक द्रावण बाजारात मिळते. त्यातील मुख्य घटक थायोग्लायकोलेट. हे नाव डॉक्टरांना परके नाही. विनॉक्सी जंतू वाढवण्याचे माध्यम म्हणून थायोग्लायकोलेट ब्रॉथ आपण महाविद्यालयात हाताळले आहे, आणि केस काढण्याच्या मलमांतही याच कुळातील क्षार असतात. म्हणूनच त्याला तो कुजक्या अंड्यासारखा दर्प. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना, हातमोजे घालून ते फवारावे. चार-पाच मिनिटांत प्रत्येक ठिपक्यातून जांभळे ओघळ वाहू लागतात. ते दृश्य पाहताना मला लोहविषबाधेच्या बालकाला डेस्फेरिऑक्सामिन दिल्यावर तांबूस होणारी लघवी आठवली. तत्त्व तेच: लोहाला पकडायचे आणि विरघळलेल्या रूपात बाहेर काढायचे. द्रावण सुकू न देता भरपूर पाण्याने धुवावे. गरज पडल्यास पुन्हा एकदा.

त्यानंतर डांबराचे डाग. ते केरोसीनच्या कुळातील द्रावकाने विरघळतात. कापडावर थोडे घ्यायचे, डागावर क्षणभर ठेवायचे, पुसायचे आणि साबणाने धुवायचे. याच टप्प्यावर माझ्या हातून जे घडले ते सांगण्यासाठी खरे तर हा लेख आहे.

द्रावकाचा डबा मोठा होता, ओतताना सांडत होता. सोयीसाठी मी त्यातले थोडे शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत घेतले आणि बाटली पायरीवर ठेवली. दिवाळीसाठी मुलगी माहेरी आली होती. मी डाव्या दारापाशी वाकलेलो असताना मागून पत्नीचा आवाज आला, "अहो, हे काय आहे?" वळून पाहिले तर तीन वर्षांच्या नातवाच्या दोन्ही हातांत ती बाटली, झाकण निघालेले, आणि पत्नीने त्याचे मनगट धरलेले. त्याने ओठ लावले नव्हते. तरी मी त्याचे तोंड हुंगले, छाती तपासली, श्वास मोजले, आणि तो दिवस व ती रात्र त्याच्या उशाशी बसून काढली. पत्नी मला एका शब्दानेही बोलली नाही. त्याहून मोठी शिक्षा नव्हती.

सन्मित्रहो, केरोसीन प्यालेली बालके आपण सर्वांनी पाहिली आहेत. धोका पोटात नसतो. एक घोट श्वासनलिकेत उतरला की फुप्फुसाचा दाह सुरू होतो. म्हणून उलटी करवायची नाही, मीठपाणी पाजायचे नाही, तडक रुग्णालय गाठायचे, हे पालकांना सांगण्यात माझा जन्म गेला. 'पाण्याच्या बाटलीत रॉकेल ठेवू नका' हे वाक्य मी आरोग्य शिबिरांत किती वेळा उच्चारले असेल! आणि तेच माझ्या पायरीवर माझ्याच हाताने घडले. अज्ञानाने नव्हे, सोयीने घडले. त्या पालकांशी मी आजवर ज्या स्वरात बोलत आलो, तो स्वर त्या रात्रीनंतर बदलला आहे.

गाडीचे काम पुढच्या रविवारी पूर्ण केले. शेवटचा टप्पा 'क्ले'चा. कणकेच्या गोळ्यासारखी ही कृत्रिम माती. तिच्यात अतिसूक्ष्म अपघर्षक असतात. जपानच्या तादाओ कोदाते यांना तिचे अमेरिकेतील पेटंट १९९५ मध्ये मिळाले. कोमट पाण्यात मळून तिची चपटी वडी करावी, पृष्ठभागावर साबणपाण्याचा वा खास वंगणाचा भरपूर थर द्यावा आणि दोन बोटांच्या भाराने सरळ रेषेत फिरवावी. आधी करकर ऐकू येते, वडी अडखळते. कण निघाले की ती नि:शब्द सरकू लागते. मळलेली बाजू आत दुमडून नवी बाजू वर घ्यावी. वडी जमिनीवर पडली तर मोह न धरता टाकून द्यावी, कारण तिला चिकटलेला एक खडा सारे श्रम वाया घालवतो. पिशवीचा हात पुन्हा फिरवून खात्री करावी. मग गरजेपुरते हलके पॉलिश, पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसणे आणि शेवटी संरक्षक लेप. क्लेचा हा सोपस्कार वर्षातून एक-दोनदा पुरे. त्यानेही रंगाला थोडे घर्षण होतेच.

ठिपके गेले. पाऊस दोन वेळा येऊन गेला, ते परतले नाहीत. गाडी आता भिंतीच्या पलीकडच्या अंगाला उभी असते, आणि दुकानदार ग्राइंडर चालवताना मध्ये पत्रा उभा करतो. नुसते सांगितले, त्याने लगेच ऐकले. सर्व द्रावणे मूळ डब्यांत, नावांसकट, औषधांच्या कुलूपबंद कपाटात वरच्या फळीवर असतात. किल्ली पत्नीकडे आहे. मला ती मागावी लागते, आणि कशासाठी हवी आहे हेही सांगावे लागते.