युद्धानंतरचे कर्ज : उत्तर श्रीलंकेचा अनुभव
मे 2009 मध्ये श्रीलंकेतील यादवी युद्ध संपल्यावर जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतिवू या तमिळबहुल जिल्ह्यांत सूक्ष्मवित्त संस्था, म्हणजे तारणाऐवजी बहुधा गटाच्या हमीवर लहान कर्जे देणाऱ्या संस्था, वेगाने पसरल्या. पती मारला गेलेल्या वा बेपत्ता झालेल्या अनेक स्त्रियांना त्यातून भांडवल मिळाले. परंतु रोजगार आणि बाजारपेठ सावरण्याआधीच हप्ते सुरू झाल्याने एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढण्याची वेळ कित्येकींवर आली. गटहमीमुळे शेजारणींनाच एकमेकींकडे तगादा लावावा लागला आणि युद्धाने आधीच विरलेला परस्परविश्वास आणखी झिजला. ही हानी, जी खरे तर सर्वांत गंभीर आहे, परतफेडीच्या टक्केवारीत दिसत नाही. 2018 मध्ये सरकारने दुष्काळग्रस्त जिल्ह्यांतील स्त्रियांची 1 लाख रुपयांपर्यंतची थकीत सूक्ष्मकर्जे माफ करण्याची योजना जाहीर केली.