मन मोजताना (लेखांक ५) : प्रश्नावलीकडे पुरावा मागायचा, तो कशाचा?

गेल्या आठवड्यात आपण विश्वसनीयता पाहिली. तीच मुलं तीच प्रश्नावली पुन्हा भरतात तेव्हा गुण साधारण तेवढेच येतात का, आणि सगळी विधानं एकाच दिशेने बोलतात का, हे तिच्यावरून कळतं. शिक्षणशास्त्राच्या कित्येक प्रबंधांत साधनाची पडताळणी इथेच संपते. ‘अल्फा ०.८३ आला, सबब साधन प्रमाणित आहे’ असं एक वाक्य लिहिलं जातं आणि अभ्यासक थेट निष्कर्षांकडे वळतो. या ‘सबब’मध्ये काय काय गाळलं जातं, ते आज पाहू.

अल्फा काय सांगतो, काय सांगत नाही

ली क्रॉनबॅक यांचा अल्फा गुणक १९५१ सालच्या त्यांच्या निबंधामुळे सर्वत्र रूढ झाला. विधानांची आपापसांतली जवळीक आणि विधानांची संख्या, या दोन्हींवर तो अवलंबून असतो. समजा, कोणत्याही दोन विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.३० आहे. विधानं पाच असतील तर अल्फा ०.६८ येतो, दहा असतील तर ०.८१ आणि वीस असतील तर ०.९०. विधानांची जवळीक तेवढीच राहिली, संख्या वाढली आणि आकडा चढला. ‘मला गणिताची भीती वाटते’, ‘गणित म्हटलं की मी घाबरते’, ‘गणिताच्या तासाला मला धास्ती वाटते’ अशी एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली, तर तो आणखी चढेल.

विधानं एकमेकांशी जुळतात एवढंच अल्फा सांगतो. ती कशाबद्दल जुळतात, हे तो सांगू शकत नाही. गणिताची भीती मोजायला केलेली प्रश्नावली प्रत्यक्षात मुलाची एकूणच काळजी करण्याची वृत्ती मोजत असेल, तरी अल्फा उत्तम येईल. २००१ मध्ये क्रॉनबॅक वारले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात त्यांनी स्वतःच म्हटलं आहे, की बहुतेक माहितीची छाननी करण्यासाठी अल्फाचं सूत्र हा सर्वांत योग्य मार्ग आहे असं त्यांना आता वाटत नाही.

पाच बाजूंनी तपास

सप्रमाणतेचा, म्हणजेच वैधतेचा, प्रश्न वेगळा आहे. या गुणांवरून आपण जो अर्थ काढतो, तो काढण्याचा आपल्याला किती अधिकार आहे? आत्मविश्वास, चिंता, अध्यापनातली उमेद यांतलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचं मापन कसं तपासावं, याची भक्कम मांडणी क्रॉनबॅक आणि पॉल मील यांनी १९५५ मध्ये केली. अमेरिकेतल्या शिक्षण, मानसशास्त्र आणि मापन या क्षेत्रांतल्या तीन संस्थांनी मिळून काढलेली चाचण्यांची मानकं (२०१४ ची आवृत्ती) पाच प्रकारचे पुरावे मागतात : आशयाचा, उत्तर देण्याच्या प्रक्रियेचा, अंतर्गत रचनेचा, इतर गोष्टींशी असलेल्या नात्याचा आणि वापराच्या परिणामांचा.

आशयाचा पुरावा बहुतेकांना माहीत असतो. तज्ज्ञांना विधानं दाखवून ‘हे आवश्यक आहे का?’ असं विचारायचं. सी. एच. लॉशे यांनी १९७५ मध्ये त्यासाठी सोपं सूत्र दिलं. दहापैकी आठ तज्ज्ञांनी होकार दिला तर गुणोत्तर ०.६० येतं, आणि लॉशे यांच्या तक्त्यात दहा तज्ज्ञांसाठी किमान अपेक्षा ०.६२ आहे. म्हणजे आठ होकारही थोडक्यात कमी पडतात. ‘तज्ज्ञांना दाखवून घेतलं’ एवढ्यावर भागत नाही, ते यामुळेच.

मुलाला काय समजलं?

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पुरावा दुसरा, उत्तर देण्याच्या प्रक्रियेचा आहे. तज्ज्ञाला विधान कळलं, पण सहावीतल्या मुलीला ते वाचून काय कळलं? ‘मला शाळेत एकटं वाटत नाही’ या विधानापुढे ‘असहमत’वर खूण करायची म्हणजे दोन नकार मनात उलटवायचे. मोठ्यांचीही इथे गफलत होते. मग तिने चुकीच्या चौकटीत केलेली खूण आपण तिची मनःस्थिती म्हणून नोंदवतो.

यावर उपाय फार खर्चिक नाही. मोठ्या नमुन्याकडे जाण्याआधी काही मुलांना एकेकटं बसवावं, विधान वाचायला द्यावं आणि विचारावं : हे तुझ्या शब्दांत सांग, तू हेच उत्तर का निवडलंस? वेगवेगळ्या शाळांतली, घरी वेगवेगळ्या बोली बोलणारी मुलं यात हवीत. प्रश्नावली कोण वाटतं, हेही पाहावं. वर्गशिक्षिका समोर उभी असताना ‘मला वर्गात मोकळेपणाने बोलता येतं’ या विधानावर आलेलं ‘पूर्ण सहमत’ मोकळेपणाचं आहे की धाकाचं, हे गुणांवरून ओळखता येत नाही.

एक प्रसिद्ध उदाहरण

तिसरा आणि चौथा पुरावा, म्हणजे अंतर्गत रचनेचा आणि इतर गोष्टींशी असलेल्या नात्याचा, हातात हात घालून चालतात. मॉरिस रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान श्रेणी १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या दहा शाळांमधल्या ५,०२४ किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून ती आली. तिच्यात दहाच विधानं आहेत, पाच होकारार्थी आणि पाच नकारार्थी.

कोणती विधानं एकमेकांशी जुळून गट करतात हे आकडेमोडीने पाहणारं घटक विश्लेषण केलं, की अनेकदा ही दहा विधानं दोन गटांत विभागली जातात : होकारार्थी एकीकडे, नकारार्थी दुसरीकडे. मग आत्मसन्मान दोन प्रकारचा असतो का? एडवर्ड कारमाइन्स आणि रिचर्ड झेलर यांनी १९७९ मध्ये या दोन्ही गटांचं इतर गोष्टींशी असलेलं नातं तपासलं. ते जवळजवळ सारखंच निघालं. म्हणजे फरक मनातला नव्हता, वाक्यांच्या घडणीतून आला होता. संगणकाने दोन घटक दाखवले म्हणून दोन नावं देऊन मोकळं होणं किती धोक्याचं आहे, हे यातून दिसतं.

याच श्रेणीतलं एक विधान, स्वतःबद्दल अधिक आदर वाटायला हवा होता अशा आशयाचं, अनेक चिनी भाषांतरांत बाकीच्यांशी जुळेना. मूळ श्रेणीत अशी इच्छा आत्मसन्मानाची उणीव दाखवते. पण जिथे स्वतःला सुधारत राहणं हा सद्गुण मानला जातो, तिथे भक्कम मनाचं मूलही आनंदाने ‘सहमत’ म्हणू शकतं. भाषांतर अचूक असूनही मापन चुकू शकतं, ते असं.

आपल्या भागात याची जाण जुनी आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी धारवाड भागातल्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये निघालं. भाषांतर करून ते थांबले नाहीत, इथल्या मुलांवर चाचणी वापरून त्यांनी ती बसवली. आज परदेशी श्रेणी संकेतस्थळावरून उतरवून घेऊन रात्रीत मराठी करता येते, तेव्हा हा वस्तुपाठ विसरून चालणार नाही.

शिक्षकांच्या हाती प्रश्नावली देण्याआधी

पाचवा पुरावा परिणामांचा. ख्रिस्टीना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये कामातून येणारी होरपळ मोजणारी २२ विधानांची श्रेणी प्रसिद्ध केली. शिक्षकांसाठी तिची वेगळी आवृत्ती आहे. भावनिक थकवा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि कामगिरीचं समाधान, असे तीन गुण त्यात स्वतंत्र काढायचे असतात. निनावी संशोधनात शिक्षक मोकळेपणाने ती भरतील. पण तीच श्रेणी नाव लिहून मुख्याध्यापकांकडे द्यायची असेल आणि गोपनीय अहवालाशी जोडली जाणार असेल, तर ‘मी थकलो आहे’ असं कोण लिहील? विधानं तीच, शिक्षक तेच, पण वापर बदलला आणि गुणांचा अर्थ कोसळला. म्हणूनच एखादी प्रश्नावली कायमची ‘प्रमाणित’ झाली असं म्हणता येत नाही. विशिष्ट लोकांसाठी, विशिष्ट हेतूसाठी, तिच्या गुणांचा अमुक अर्थ लावायला आधार आहे, एवढंच म्हणता येतं.

तेव्हा शाळेत कोणी प्रश्नावली घेऊन आलं, तर चार गोष्टी जरूर विचाराव्यात. ही कोणत्या वयाच्या, कोणत्या भाषेच्या मुलांवर तपासली आहे? मुलांना विधानं कशी समजली, हे कोणी त्यांच्याशी बोलून पाहिलं आहे का? गुण ज्या गोष्टींशी जुळायला हवेत त्यांच्याशी जुळतात आणि जुळायला नकोत त्यांच्यापासून वेगळे राहतात का? आणि या गुणांचं पुढे काय होणार आहे? उत्तरं मिळाली नाहीत, तर नम्रपणे नकार देण्याचा हक्क शाळेला आहे. ‘कमी आत्मविश्वास’ असा शेरा एकदा मुलाच्या नावापुढे लागला, की त्याचं ओझं प्रश्नावली बनवणाऱ्याला नाही, त्या मुलालाच वाहावं लागतं.

पुढील लेखांकात : गुण ‘कमी’ की ‘जास्त’ हे कोण ठरवतं? मानदंड आणि सीमारेषा.