खाजेवर अफूच्याच घरातला उतारा

सिझेरियनसाठी पाठीच्या कण्यात भुलीचं इंजेक्शन देताना त्यात पुष्कळदा किंचित मॉर्फिनही मिसळतात. त्यामुळे टाक्यांची वेदना पुढचे १२ ते २४ तास दबलेली राहते. पण थोड्या वेळाने बाळंतीण नाकाचा शेंडा चोळू लागते, मग गाल, कपाळ, मान, छाती. अंगावर ना पुरळ, ना गांधी. नातेवाईक घाबरून 'अ‍ॅलर्जी आली' म्हणतात. भूलतज्ज्ञांना यात नवल नसतं. मॉर्फिन वेदना शमवतं आणि खाज उठवतं, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे.

पूर्वी याचा दोष हिस्टामिनला दिला जाई, कारण मॉर्फिनमुळे त्वचेतल्या पेशींमधून हिस्टामिन सुटतं. पण फेंटानिलसारखं औषध हिस्टामिन जवळपास सोडतच नाही, आणि खाज त्यानेही सुटते. हिस्टामिनला अडवणाऱ्या सिटिरिझिनच्या गोळीने या खाजेला फारसा उतार पडत नाही. नॅलोक्सोन दिलं की मात्र ती थांबते, कारण ते मॉर्फिनसारख्या अफूवर्गी औषधांना त्यांच्या रिसेप्टरवरून, म्हणजे पेशीवर ती जिथे चिकटतात त्या जागेवरून, हुसकून लावतं. म्हणजे ही खाज त्वचेत नव्हतीच, ती चेतासंस्थेत होती. पुढची पन्नासेक वर्षांची धडपड या निष्कर्षातून निघाली आहे.

मेंदूत आणि मज्जारज्जूत अफूला ओळखणारे रिसेप्टर आहेत, हे १९७३मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवलं. दोनच वर्षांनी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनमध्ये जॉन ह्यूझ आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच बनवतं ती अफूसारखी रसायनं वेगळी काढली. या रिसेप्टरांचे मुख्य प्रकार तीन: म्यू, कप्पा आणि डेल्टा. मॉर्फिनचं काम प्रामुख्याने म्यूवर चालतं. खाजेच्या बाबतीत म्यू आणि कप्पा यांचं वागणं नेमकं उलट आहे. म्यू चेतला की खाज वाढते, कप्पा चेतला की ती दबते.

हे चित्र स्पष्ट व्हायला कावीळ झालेल्या रुग्णांची मोठी मदत झाली. पित्ताचा मार्ग तुंबला की अंगाला अशी खाज सुटते की माणसं रात्र-रात्र खाजवून रक्त काढतात. १९८८मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी अशा काही रुग्णांना अफूविरोधी नॅलमेफिन दिलं. खाज कमी झाली, पण सोबत विचित्र प्रकार घडला. जन्मात कधी अफू न घेतलेल्या या माणसांना व्यसन अचानक सुटल्यावर होतो तसा त्रास सुरू झाला. यकृताच्या या आजारात शरीर स्वतःच्याच अफूत बुडालेलं असतं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये नोरा बर्गासा आणि अँथनी जोन्स यांनी हा धागा पुढे नेला. १९९३च्या त्यांच्या प्रयोगात खाजेने बेजार झालेल्या काविळीच्या रुग्णांच्या रक्तद्रवाचा अंश माकडांच्या मेंदूच्या देठात, चेहऱ्याच्या संवेदना पोचतात त्या भागात टोचला. माकडं चेहरा खाजवू लागली. नॅलोक्सोन दिल्यावर ती थांबली. पण खाज मोजायची कशी? 'बरं वाटतंय' या उत्तरावर विसंबून चालणार नव्हतं. म्हणून रुग्णाच्या नखाला बारीक विद्युतपट्टी चिकटवली गेली. हात नुसता हलला तर त्याची नोंद होत नसे, नख त्वचेवर घासलं तरच होई. या मोजणीतही नॅलोक्सोनने खाजवणं कमी झाल्याचं १९९५मध्ये प्रसिद्ध झालं. मला या सगळ्या संशोधनात ही पट्टी सर्वांत आवडते. ज्या दुखण्याकडे डॉक्टर चार दशकांपूर्वीपर्यंत किरकोळ तक्रार म्हणून पाहत, त्याला तिने आकडा दिला.

मूत्रपिंडाच्या रुग्णांत गोष्ट इतकी सरळ निघाली नाही. इस्राएलमध्ये १९९६ साली डायलिसिसवरच्या रुग्णांना नॅलोक्सोनसारखंच म्यूला अडवणारं नाल्ट्रेक्सोन दिलं, तेव्हा खाज झपाट्याने उतरल्याचं दिसलं. २०००मध्ये जर्मनीत तसाच प्रयोग झाला आणि औषधात नि खोट्या गोळीत फरकच आढळला नाही. म्यूला नुसतं अडवून भागत नाही असं दिसू लागलं, तेव्हा संशोधकांचं लक्ष कप्पाकडे वळलं.

मज्जारज्जूत डायनॉर्फिन नावाचं रसायन सोडणाऱ्या काही चेतापेशी असतात. डायनॉर्फिन कप्पावर काम करतं आणि खाजेचा निरोप वर मेंदूकडे जाण्याआधीच त्याला लगाम घालतं. पिट्सबर्ग विद्यापीठात सारा रॉस यांच्या गटाने हे २०१४मध्ये उंदरांत दाखवलं. मॉर्फिन याच पेशींना गप्प करतं, म्हणून खाज मोकाट सुटते, असं २०२१मध्ये पुढे आलं. त्याआधी २०११मध्ये सेंट लुईसच्या झोऊ-फेंग चेन यांच्या गटाने वेगळाच मार्ग सांगितला होता. त्यांच्या मते म्यूचा एक खास उपप्रकार खाज वाहून नेणाऱ्या पेशींना थेट चेतवतो. हा वाद पुरता मिटलेला नाही. औषध बनवणारे मात्र तो मिटायची वाट पाहत बसले नाहीत.

कप्पा चेतवणारं औषध शोधणं अवघड नव्हतं. ते माणसाला सोसेल असं बनवणं अवघड होतं. मेंदूतला कप्पा जोरात चेतला तर उदासी येते, भास होतात. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातले माझातेक लोक धार्मिक विधीत जी साल्व्हिया वनस्पती वापरतात, तिची नशा याच रिसेप्टरवरची आहे. जपानच्या तोरे कंपनीने नाल्ट्रेक्सोनच्या रचनेत फेरफार करून नाल्फ्युराफिन तयार केलं ते खरं तर वेदनेसाठी. त्यासाठी लागणाऱ्या मात्रेत रुग्णाला गुंगी येई. खाजेला मात्र त्याहून कितीतरी कमी मात्रा पुरत होती: २.५ मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम औषधात ४ लाख कॅप्सूल भरतील. ३३७ डायलिसिस रुग्णांवरच्या चाचणीत १०० मिलिमीटरच्या पट्टीवर खाज सुमारे २३ मिलिमीटरने उतरली, तर खोट्या औषधाने १३ने. म्हणजे खरा फायदा १० मिलिमीटरचा. जपानने २००९मध्ये परवानगी दिली आणि २०१५मध्ये यकृताच्या जुनाट आजारातल्या खाजेसाठीही ती वाढवली. युरोपात ती मिळाली नाही. काहींची झोप उडते, हा या औषधाचा नेहमीचा दुष्परिणाम. खाजेने आधीच झोप गमावलेल्याला हे काही सुखाचं नाही.

अमेरिकेतल्या कारा कंपनीने दुसरी वाट धरली: औषध मेंदूत शिरूच द्यायचं नाही. डायफेलिकेफालिन हा चार अमिनो आम्लांचा लहानसा तुकडा आहे. ती आम्लं निसर्गात सहसा आढळणाऱ्या रूपाच्या उलट, आरशातल्या रूपाची आहेत, त्यामुळे शरीरातली विकरं तो सहजी तोडू शकत नाहीत. तो रक्तातून मेंदूत फारसा जात नाही. बाहेरच्या चेतातंतूंवरच्या आणि प्रतिकारपेशींवरच्या कप्पावरच काम करतो. डायलिसिस संपता संपता यंत्राच्या रक्त परत नेणाऱ्या नळीतच इंजेक्शन द्यायचं, वेगळी सुई टोचायची नाही. हे औषध बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. इथे तेच निकामी, म्हणून औषध पुढच्या फेरीपर्यंत अंगात टिकतं आणि मग यंत्रच त्याचा बराचसा भाग काढून टाकतं. आजाराची अडचणच अशी उपचाराच्या कामी आलेली क्वचित दिसते.

३७८ रुग्णांवरची १२ आठवड्यांची चाचणी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. ० ते १० या मापावर किमान ३ अंकांचा उतार औषध घेणाऱ्या ५१.९ टक्के रुग्णांना पडला, खोटं औषध घेणाऱ्या ३०.९ टक्के रुग्णांना. जुलाब, चक्कर, उलटी हे त्रास होते, पण व्यसन किंवा धुंदी यांची तक्रार पुढे आली नाही. ऑगस्ट २०२१मध्ये अमेरिकेने परवानगी दिली, पुढच्या वर्षी युरोपने.

एवढ्यावर थांबलं असतं तर यशोगाथा झाली असती. कंपनीने हेच औषध गोळीच्या रूपात इसबाच्या रुग्णांना देऊन पाहिलं, ते फसलं. पाठीवर खांद्याच्या फऱ्याजवळ एकाच जागी खाज सुटते त्या विकारातही सुरुवातीची आशा पुढच्या मोठ्या चाचणीत टिकली नाही. माझ्या मते यात निराश होण्यासारखं फार नाही. सगळ्या खाजांचं मूळ एक नाही, एवढं त्यातून कळलं. नाल्ब्युफिन हे म्यूला अडवणारं आणि कप्पाला चेतवणारं औषध त्वचेवर गाठी उठून खाजणाऱ्या रुग्णांत उपयोगी दिसलं आहे. आपल्याकडे भूलतज्ज्ञ ते वेदनेसाठी वापरतातच.

महाराष्ट्रात खर्चामुळे किंवा अंतरामुळे आठवड्याला तीनऐवजी दोनच डायलिसिस करून घेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या खाजेला नवं औषध शोधण्याआधी डायलिसिस पुरेसं होतं का, फॉस्फरस किती आहे, त्वचा कोरडी पडली आहे का, हे पाहायला हवं. त्यानंतर गॅबापेंटिनची अगदी छोटी मात्रा डायलिसिसनंतर देऊन अनेक डॉक्टर चांगला गुण मिळवतात. नाल्ट्रेक्सोनची गोळी आपल्याकडे व्यसनमुक्तीसाठी मिळते, म्हणून ती कुणी परस्पर घेऊ नये. वेदनेसाठी ट्रामाडोलसारखं अफूवर्गी औषध चालू असेल, तर तिने अंगात एकाएकी माघारीचा त्रास उसळतो.

खाज सहा आठवड्यांहून जास्त टिकली तर वैद्यकशास्त्र तिला जुनाट म्हणतं. तुम्ही किंवा घरातलं कुणी डायलिसिसवर असाल, किंवा यकृताचा आजार असेल, तर पुढच्या भेटीत 'थोडी खाज येते' असं म्हणून विषय सोडू नका. कालच्या दिवसातली सर्वांत वाईट खाज ० ते १०मध्ये किती, रात्री किती वेळा उठावं लागलं, आणि वेदनेची कोणती गोळी चालू केल्यापासून खाज वाढली, हे लिहून न्या आणि डॉक्टरांना वाचून दाखवा.